वाघाच्या मावशीचे रानटी गोत्र : संकरित मांजर घरी आणण्यापूर्वी

अंगावर बिबट्याचे ठिपके, पाठीवर सोनेरी झाक आणि चालण्यात रानाची ऐट असलेले मांजर आज चित्रफितींतून घरोघरी परिचित झाले आहे. ‘बेंगाल’ या नावाने त्याची पिल्ले भारतातील शहरांतही विकली जातात. ‘सव्हाना’ हे नावही अधूनमधून कानी पडते. ‘घरातला बिबट्या’ अशी जाहिरात केली की किंमत वाढते. मात्र अशा मांजराविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्याच्या रंगाचा नसून पिढीचा आहे. त्याचा रानटी पूर्वज किती पिढ्या मागे आहे, यावर त्याचा स्वभाव, त्याची प्रजननक्षमता आणि त्याची कायदेशीर स्थिती अवलंबून असते.

बेंगाल ही जात बिबट मांजर आणि पाळीव मांजर यांच्या संकरातून निर्माण झाली. बिबट मांजर ही दक्षिण, आग्नेय व पूर्व आशियात आढळणारी स्वतंत्र वन्य प्रजाती आहे. बिबट्याचे पिल्लू म्हणजे बिबट मांजर नव्हे. कॅलिफोर्नियातील जीन मिल यांनी १९६३ मध्ये हा संकर प्रथम घडवला. तो प्रयत्न मध्येच थांबला आणि १९८० च्या सुमारास पुन्हा सुरू झाला. मांजरांतील ल्युकेमियाच्या विषाणूवर संशोधन करणारे विलार्ड सेंटरवॉल यांनी अभ्यासासाठी तयार केलेली काही संकरित मांजरे तेव्हा मिल यांना मिळाली. या कथेत दिल्लीही आहे. १९८२ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवाराजवळ राहणारा, ठळक ठिपक्यांचा एक भटका बोका मिल यांच्या नजरेस पडला आणि तो अमेरिकेत गेला. बेंगालच्या केसांवरील प्रसिद्ध चकाकीचे श्रेय याच बोक्याला दिले जाते. म्हणजे जी झळाळी रानाची म्हणून विकली जाते, ती आपल्याकडच्या एका साध्या भटक्या मांजराची देणगी आहे.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने या विरोधाभासाला आधार दिला. आजच्या बेंगाल मांजरांत बिबट मांजराचा वारसा सरासरी अवघा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आढळला. त्यांचे रानटी रूप मुख्यतः पाळीव मांजरांतील गुणांच्या चोखंदळ निवडीतून साकारले आहे. केवळ रूपाची हौस असेल, तर त्यासाठी ताज्या रानटी रक्ताची गरज नाही, असाच याचा अर्थ होतो.

सव्हानाची गोष्ट अधिक अवघड आहे. तिचा पूर्वज सर्व्हल हा आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांत राहणारा, उंच पायांचा व मोठ्या कानांचा वन्य प्राणी. पाळीव मांजर साधारणतः तीन ते पाच किलोंचे. सर्व्हल आठपासून अठरा किलोंपर्यंत भरतो. या दोहोंचे पहिले पिल्लू ७ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियात जन्मले आणि त्याचे ‘सव्हाना’ हेच नाव पुढे जातीला मिळाले. पाळीव मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, सर्व्हलचा त्याहून आठवडाभर अधिक. आकार आणि काळ दोन्ही जुळत नसल्याने पहिल्या पिढीची पिल्ले अपुऱ्या दिवसांची जन्मण्याचा, मांजरीला दुखापत होण्याचा आणि गर्भ वाया जाण्याचा धोका मोठा असतो. विक्रेत्याच्या छायाचित्रांत हा भाग दिसत नाही.

वन्य जनक व पाळीव मांजर यांच्या अपत्याला ‘एफ-१’ म्हणतात. त्यापुढील पिढ्या एफ-२, एफ-३ अशा मोजतात. दर पिढीला पाळीव मांजराशीच संबंध आला, तर रानटी वाटा कागदोपत्री निम्मा, पाव, अष्टमांश असा घटत जातो. लग्न जुळवताना सात पिढ्यांची चौकशी करणाऱ्या आपल्या समाजाला हे गणित परके वाटू नये. सुरुवातीच्या पिढ्यांतील नर बहुधा वांझ असतात. बेंगालमध्ये साधारण तिसऱ्या पिढीपर्यंत, तर सव्हानामध्ये चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत. त्यामुळे वंश पुढे नेण्याचे काम माद्यांवरच येते आणि प्रजननास निरुपयोगी ठरलेले नर ‘पाळण्यासाठी’ म्हणून बाजारात येतात.

घरातील अनुभवही पिढीनुसार बदलतो. पाचव्या-सहाव्या पिढीपुढचे बेंगाल हे उत्साही, बोलके आणि सतत खेळ मागणारे पाळीव मांजर असते. सदनिकेत ते एकटे राहिले तर त्रास देते, पण ते मांजरच असते. पहिल्या तीन पिढ्यांविषयी असे म्हणता येत नाही. अशी मांजरे एखाद्याच माणसाचा लळा लावून घेतात, पाहुणे आले की दडून बसतात आणि घरभर मूत्राने हद्द आखतात. ही सवय शिक्षेने जात नाही; नसबंदीनंतरही ती राहू शकते. एफ-१ सव्हाना कपाटाच्या माथ्यावर सहज झेप घेते, दारांच्या कड्या उघडायला शिकते आणि पिंजऱ्यातील पक्षी किंवा मत्स्यपेटीतील मासे यांना शिकारच समजते. मांजराचे आयुष्य पंधरा वर्षांहून अधिक असू शकते. कंटाळलेल्या मालकांनी सोडून दिलेली अशी मांजरे अमेरिकेतील आश्रयस्थानांत वर्षानुवर्षे राहतात, कारण दुसरे घर त्यांना सहसा मिळत नाही.

आरोग्याचा एक मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत वन्य प्राण्यांसाठी किंवा त्यांच्या संकरांसाठी परवानाप्राप्त अशी रेबीजची टोचण्याची लस नाही. पशुवैद्य पाळीव मांजराची लस देतात. परंतु चावा घेतल्यास ते मांजर अधिकृतपणे लसीकृत मानले जाईलच असे नाही. २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या गोव्यातील वाचकांना या बारकाव्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बेंगालमध्ये रक्तक्षय घडवणारी पायरुव्हेट कायनेज या विकराची कमतरता आणि दृष्टी हळूहळू घालवणारा डोळ्यांचा आनुवंशिक विकार आढळतो. दोन्हींसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत आणि प्रामाणिक ब्रीडर आई-बापांचे अहवाल दाखवतो.

कागदपत्रांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, याचे नमुनेदार उदाहरण ‘अशेरा’चे. २००७ मध्ये एका अमेरिकी कंपनीने ही नवी जात असल्याचा दावा करून एकेका मांजरासाठी २२ हजार डॉलर मागितले. पुढच्याच वर्षी डीएनए चाचणीत ती मांजरे दुसऱ्याच ब्रीडरकडील सव्हाना निघाली.

परदेशांतील कायदे पिढीवरच बेतलेले आहेत. ब्रिटनमध्ये एफ-१ साठी धोकादायक वन्य प्राण्यांविषयीच्या १९७६ च्या कायद्याखाली परवाना लागतो, पुढील पिढ्यांना लागत नाही. न्यूयॉर्क राज्यात पाचव्या पिढीपासून मुभा आहे, न्यूयॉर्क शहरात मात्र नाही. स्थानिक वन्यजीवांना असलेला धोका लक्षात घेऊन ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये सव्हानाची आयात रोखली.

वन्यजीव व्यापाराचे नियमन करणाऱ्या सायटीस कराराचा निकषही असाच आहे. मागील चार पिढ्यांत परिशिष्ट १ किंवा २ मधील वन्य पूर्वज असेल, तर संकरित प्राण्यालाही कराराचे नियम लागू होतात. सर्व्हल परिशिष्ट २ मध्ये आहे. भारतातील बिबट मांजरे परिशिष्ट १ मध्ये. भारताने २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या तरतुदी वन्यजीव संरक्षण कायद्यात आणल्या. अनुसूची ४ मधील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम झाले असून, प्राण्याचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतर ‘परिवेश’ संकेतस्थळावर कळवावे लागते. म्हणून ‘एफ-२ आहे, साहेब’ असे अभिमानाने सांगणाऱ्या विक्रेत्याकडे आयातीचा परवाना आणि सायटीसचे प्रमाणपत्र आधी मागावे. ते नसेल, तर एक तर पिढी खोटी असते किंवा आयात बेकायदा.

याहून गंभीर बाब आपल्या दाराशी आहे. बिबट मांजर सह्याद्रीत, गोव्याच्या जंगलांतही वावरते. एक-दीड किलो वजनाचे, तांबूस ठिपक्यांचे आणखी एक चिमुकले रानमांजर याच पट्ट्यात आहे. ‘वाघाटी’ हे नाव लोक कधी याला, कधी त्याला देतात. दोन्ही प्रजाती अनुसूची १ मध्ये असल्याने त्यांना पकडणे, पाळणे किंवा त्यांच्यापासून संकर घडवणे हा गुन्हा आहे. त्याला किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपयांचा दंड आहे. ऊसतोडणीच्या दिवसांत फडात अशी पिल्ले सापडतात आणि ‘आईने टाकलेली’ समजून कुणी ती घरी नेतो. बहुधा आई जवळच दडलेली असते. पिल्लांना हात न लावता तेवढी तोडणी थांबवावी आणि वनविभागाला कळवावे; रात्र झाली, माणसांचा वावर थांबला, की ती येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते.