माळव्याची अफू आणि आपल्या घरचं दुखणं

आपल्या इंदूर, उज्जैन, देवासच्या मराठी घरांत होळकर-शिंद्यांचा इतिहास लहानपणापासून कानावर पडतो. लढाया, वाडे, घाट, देवळं. पण या राज्यांत पैसा कशातून खेळायचा, हे सहसा कुणी सांगत नाही. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे माझं लक्ष आधी जमा-खर्चाकडे जातं. तर एकोणिसाव्या शतकात माळव्यातलं मोठं नगदी पीक होतं अफू.

बंगालकडच्या अफूवर कंपनी सरकारची मक्तेदारी होती. माळवा पडला संस्थानी मुलूख, तिथे ती चालेना. मग 1830 नंतर पासाची पद्धत आली. इंदूरला पेट्या तोलायच्या, पेटीमागे ठरलेली रक्कम भरायची, की माल मुंबईला आणि पुढे जहाजाने चीनला. पास चुकवायचा तर राजपुताना, सिंधमार्गे कराची अशी लांबची वाट होती. 1843 मध्ये सिंध इंग्रजांनी घेतला, ती वाट बंद झाली, आणि मग पासाची रक्कम चढतच गेली. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई चीनच्या ज्या व्यापारात मोठे झाले त्यात माळव्याची अफू होती, आणि त्यांच्याच देणगीतून 1845 मध्ये जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं. अफूच्या पैशातून दवाखाना! असो.

चीनचा व्यापार पुढे संपला, पीक मात्र राहिलं. आजही मंदसौर, नीमच, रतलामच्या शेतकऱ्याला सरकारी पट्टा मिळतो. शेत मोजतात आरीत, दहा आरी म्हणजे हेक्टरचा दहावा हिस्सा. बोंडांना चिरा द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी चीक खरवडायचा, आणि सगळाच्या सगळा सरकारला द्यायचा. ऐंशीच्या दशकात मी मंदसौर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. तौल आटोपला की काउंटरवर पाय ठेवायला जागा नसे. नीमचला सरकारी कारखाना, आणि या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या नार्कोटिक्स कमिश्नरचं मुख्य ऑफिस ग्वाल्हेरला. म्हणजे पीक, कारखाना आणि ऑफिस, तिन्ही आपल्याच जुन्या मुलखात.

याच चिकातून मॉर्फिन काढतात. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर त्याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं औषध अजूनही दुसरं नाही. 1967 मध्ये लंडनला डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. मॉर्फिन तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखणं उसळण्याची वाट पाहायची नाही, असं त्यांचं सांगणं. दोनच वर्षांनी त्यांची माणसं रोग्यांच्या घरी जाऊ लागली. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात ती हीच. रोग बरा होणार नाही हे कळल्यावरही रोग्याचं दुखणं, धाप, झोप, भीती सांभाळायची, आणि घरच्यांनाही सांभाळायचं. 1986 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेच्या औषधांची पायरी ठरवून दिली. तिच्यात वरच्या पायरीवर मॉर्फिन.

आणि नेमकं त्याच्या आदल्या वर्षी, 1985 मध्ये, आपल्याकडे एन.डी.पी.एस. कायदा आला. नशेच्या व्यापाराला लगाम घालण्याचा हेतू चांगलाच होता. पण कितीतरी गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, आणि दवाखान्याने मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे परवाने, तेही सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. एक येईस्तोवर दुसऱ्याची मुदत संपायची. दवाखान्यांनी, औषधवाल्यांनी माल ठेवणंच सोडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. अफू पिकत होती, परदेशी जातही होती.

त्याच काळात, 1989 मध्ये, आमच्या वहिनी गेल्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, शेवटचे चार महिने रामबागेतल्या घरीच. डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, "गोळी असते, पण आमच्याकडे परवाना नाही, शहरात कुठे मिळेल सांगता येत नाही." रात्री दोन-अडीचला वहिनींचं कण्हणं सुरू झालं की दादा गॅलरीत येरझारा घालत. आत बसवत नसे, लांबही जाववत नसे. तिथून नीमच अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. त्या वेळी हे गणित मला माहीत नव्हतं. पुढे समजलं तेव्हा फार संताप आला.

शेजार मात्र खंबीर होता, हे सांगायलाच हवं. कुणी डबा आणी, कुणी रात्री येऊन बसे. तेराव्यापर्यंत घर भरलेलं. चौदाव्या दिवशी आपापल्या कामाला गेले सगळे, त्यांचंही काही चुकलं नाही. दादा दुपारी चारला उठून पाणी तापवायला ठेवत, वहिनींचं अंग पुसायची ती वेळ होती. पातेलं उकळेपर्यंत तिथेच उभे राहत, मग गॅस बंद करत. हे किती तरी दिवस चाललं. कुणाशी बोलावं, तर त्यांना कोण विचारणार होतं?

दक्षिणेत याच प्रश्नाला हात घातला गेला. 1993 मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि मंडळींनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. पुढे गावोगावी साधी माणसं, शिक्षक, दुकानदार, गृहिणी, थोडं शिकून आजाऱ्याच्या घरी जाऊ लागली, मागे नर्स आणि डॉक्टर. खर्च वर्गणीतून. 2008 मध्ये केरळ सरकारने तसं धोरणच केलं. बँकेच्या नजरेने पाहिलं तर मला यातली वर्गणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. थोडी थोडी, पण दर महिन्याला येणारी. मोठा दाता एकदाच येतो, फोटो काढून जातो.

2012 मध्ये पुण्याला आमची माई आजारी पडली तेव्हा हा प्रकार मी स्वतः पाहिला. आठवड्यातून दोनदा नर्सबाई घरी यायच्या. मॉर्फिनच्या गोळ्या, त्यांनी बद्धकोष्ठ होतं म्हणून सोबत त्याचं औषध, आणि गोळ्या मोजून वहीत नोंद, अगदी आमच्या कॅशबुकासारखी. माई शेवटच्या आठवड्यापर्यंत भाजी निवडत होती. ती गेल्यावर उरलेल्या गोळ्या मोजून परत नेल्या. मला वाटलं, संपलं. पण महिन्याने भाऊजींना फोन आला, जेवता का, झोप लागते का, म्हणून. मग पुन्हा दोन महिन्यांनी. भाऊजी मुलांशी बोलले नसतील इतकं त्या बाईंशी बोलले.

कायदाही बदलला. 2014 च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिनसारखी अत्यावश्यक औषधं ठेवायला मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मंजुरी पुरते. म्हणजे आता अडतं ते अर्ज करण्यापाशी आणि औषध कसं द्यायचं हे शिकलेल्या डॉक्टरपाशी. तुमच्या ओळखीचा दवाखाना असेल तर एवढंच विचारा, मॉर्फिनच्या गोळ्या ठेवता का, नसाल तर अर्ज केलाय का. मी गेल्या वर्षभरात चार ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच अफू विकायला आलोय.

आमच्या कॉलनीत सध्या आम्ही सहा जण आहोत, सगळे पेन्शनर. औषधातलं आम्हाला काही कळत नाही. आजाऱ्याजवळ दोन तास बसतो, तेवढ्यात घरची बाई आंघोळ करून पाठ टेकते. आणि डायरीत तेराव्याच्या पुढच्या तारखा लिहून ठेवतो, महिना, तीन महिने, वर्षश्राद्ध. त्या दिवशी सकाळी जातो. सातवा माणूस हवा आहे, शक्यतो स्कूटर चालवणारा.