‘पक्क’ : भांडे, रंग आणि अन्न

नांदगाव परिसरात माठ घेताना तो बोटाने वाजवून ‘पक्का’ भाजला आहे ना, हे पाहतात. लुगडे घेताना रंग ‘पक्का’ आहे ना, असे विचारतात. आणि शेतात उभे असते ते ‘पीक’. या सर्वांच्या मुळाशी एकच जुना शब्द आहे. संस्कृतात तो ‘पक्व’, पालीत ‘पक्क’. प्राकृतातील ‘पिक्क’ या रूपातून आपले ‘पिकणे’ व ‘पीक’ आले. धातू ‘पच्’, म्हणजे शिजवणे.

पालीत शिजलेले अन्न ‘पक्क’ आणि पिकलेले फळही ‘पक्क’. विनयपिटकात हाच शब्द रंगाला लावलेला आढळतो. महावग्गाच्या चीवरक्खंधकात मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ असे सहा प्रकारचे रंग सांगितले आहेत. न शिजवलेल्या रंगाने चीवरांना दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा भगवंतांनी रंग शिजवण्याची व त्यासाठी लहान हंडी ठेवण्याची अनुज्ञा दिली. रंग ‘पक्क’ झाला की नाही हे भिक्खूंना कळेना; तेव्हा त्याचा थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकून पाहावा, असे सांगितले.

भांड्याचेही तसेच. सोन्यारुप्याची पात्रे वर्ज्य करून लोखंडाचे व मातीचे पात्र तेवढे संघाला विहित झाले. लोखंडी पात्राला पाच ‘पाक’ व मातीच्या पात्राला दोन ‘पाक’ आवश्यक, असे विनयाची अट्ठकथा सांगते.

चीवराची ही व्यवस्था आमच्या जिल्ह्यात शिलालेखातही दिसते. नाशिकच्या त्रिरश्मी लेणीत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४० होते. म्हणजे वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२.

पुढे याच शब्दाला निराळेच वळण लागले. उत्तर भारतात तुपात तळलेले अन्न ‘पक्के’ व पाण्यात शिजवलेले ‘कच्चे’ मानून, कोणाच्या हातचे काय चालते हे जातीवरून ठरू लागले. विनयात मात्र पक्केपणा हा वस्तूचा गुण आहे, करणाऱ्याच्या जातीचा नव्हे. आणि तो कोणालाही थेंब टाकून तपासता येतो.

कर्माच्या फळाला पालीत ‘विपाक’ म्हणतात, तोही याच धातूपासून. पिकते ते कर्म, जन्म नव्हे.