प्रवाळ जगविणारे हात

पोवळे म्हटले की नगरकरांच्या डोळ्यांपुढे सराफाच्या पेढीवरचा लाल मणी उभा राहतो. मंगळाचा खडा म्हणून तो अंगठीत बसवितात आणि तेथेच त्याची कथा संपते. परंतु पोवळे हा दगड नव्हे. चिमुकल्या सागरी प्राण्यांनी बांधलेला तो सांगाडा आहे. याच गोत्रातले, पण मण्यांच्या कामी न येणारे कठीण प्रवाळ समुद्राच्या पाण्यातून चुना घेतात आणि त्याची घरे रचतात. घरांवर घरे चढत जाऊन बेटे होतात. आपली लक्षद्वीप बेटे याच गवंड्यांनी उभारली आहेत.

हा नाजूक प्राणी घरात, काचेच्या पेटीत जिवंत ठेवण्याची खटपट मनुष्य जवळजवळ एकशेऐंशी वर्षे करीत आला आहे. ज्या जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही तेथे हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे आयुष्य विडी कामगारांच्या चळवळीत गेले. त्यामुळे कोणतीही सुंदर वस्तू पाहिली की ती कोणाच्या हातांनी टिकली हे विचारण्याची आम्हांस सवय जडली आहे. त्या दृष्टीने पाहता प्रवाळ पाळण्याचा इतिहास हा शाळेतल्या पुस्तकांइतकाच आमच्या चळवळीचाही विषय ठरतो.

आरंभ १८४६ सालचा. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या प्रसिद्ध मंदिरातील एका मोठ्या धर्माधिकाऱ्याची पत्नी अ‍ॅना थिन त्या वर्षी टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेली होती. तेथे तिला खडकावर वाढणारे लहान कठीण प्रवाळ मिळाले. प्रवासात ते हिंदकळून फुटू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ते स्पंजाला टाचले, पाण्याच्या भांड्यात ठेवले आणि लंडनला नेले. लंडनही समुद्रापासून दूरच. किनाऱ्यावरून खारे पाणी आणविणे सदोदित जमणारे नव्हते. तेव्हा तेच पाणी पुन्हा ताजे करण्याची युक्ती निघाली. अर्धा-पाऊण तास, उघड्या खिडकीपाशी, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतत राहावयाचे. धार हवेतून पडताना पाण्यात प्राणवायू मिसळतो आणि प्राण्यांनी सोडलेला कर्बवायू निघून जातो. चहा निवविताना आपण कपबशीत जी ओतपलट करतो तीच ही क्रिया.

ही ओतपलट करीत होती घरातील एक लहान वयाची मोलकरीण. १८५९ साली थिनबाईंचा हा वृत्तांत एका शास्त्रीय मासिकात छापून आला. त्यात त्यांनी म्हटले आहे की हे काम दमविणारे होते खरे, परंतु मुलगी मर्जी राखण्यास उत्सुक होती आणि तिला त्यात गंमतच वाटत असे. तिला गंमत वाटतही असेल. पण मालकाच्या दप्तरात श्रमाची नोंद कशी होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस या वाक्याची ओळख पटेल. पाऊण तास बादलीभर खारे पाणी उचलणाऱ्या मुलीने स्वतः काय म्हटले असते, ते कोणी लिहून घेतले नाही. त्या वृत्तांतात तिचे नावही नाही. १८४७ साली बाईंनी पाण्यात सागरी वनस्पती घातल्या. त्या प्राणवायू सोडू लागल्या आणि मुलीच्या कामात वाटेकरी झाल्या. ते प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले, त्यांची पिलावळही झाली. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप गॉस यांचे मत्स्यालयावरील पुस्तक निघाले आणि घरोघरी काचेच्या पेट्यांचे वेड पसरले.

तथापि थिनबाईंचे प्रवाळ थंड समुद्रातले आणि त्या मानाने काटक होते. उष्ण समुद्रातील, बेटे बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा हिस्सा यजमानास देते. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी अधिक तापले आणि तसेच आठवडेच्या आठवडे राहिले की हा संसार मोडतो. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि वेळीच सावरले नाही तर मरते. म्हणून प्रकाश, उष्णता, क्षार, चुना आणि पाण्याची हालचाल यांतले काहीही बिघडून चालत नाही.

या अडचणीमुळे समुद्राच्या काठची मत्स्यालये अधिक सोयीची ठरली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. समुद्र समोरच होता. नगर जिल्ह्यातून मुंबईस गेलेल्या कितीतरी माणसांनी समुद्राचे जिवंत जग प्रथम तेथेच पाहिले. न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे रने काताला यांनी १९५६ साली मत्स्यालय उघडले आणि वाहत्या समुद्राच्या पाण्यावर जिवंत प्रवाळ ठेवून दाखविले. घरगुती पेटीची वाट मात्र जकार्ताच्या ली चिन एंग यांनी दाखविली. त्यांची पद्धत १९६१ साली छापून आली. समुद्रातले सच्छिद्र दगड त्यांवरील सूक्ष्म जीवांसकट पेटीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. दगडांतील जंतू घाण पचवीत आणि पाणी स्वच्छ राही.

पुढची कामगिरी युरोपातील, मुख्यतः जर्मन हौशी लोकांची. त्यांच्या युक्त्या नगरच्या शेतकऱ्यास परक्या वाटू नयेत. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी जशी काढून टाकतात, तसा बारीक बुडबुड्यांचा फेस करून त्याबरोबर पाण्यातील घाण बाहेर काढण्याचे यंत्र त्यांनी वापरले. प्रवाळास सांगाड्यासाठी चुना हवा. म्हणून १९७० नंतरच्या दशकात पीटर विल्केन्स यांनी चुन्याची निवळी थेंबथेंब सोडण्याची रीत रूढ केली. पाण्याची वाफ होते पण मीठ मागे राहते, म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच करावयाची, नाहीतर खारटपणा वाढत जातो. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांखाली ज्यांच्या जमिनी क्षारपड झाल्या त्यांना हा हिशेब वेगळा शिकवावा लागणार नाही. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि २५ अंशांच्या आसपास उष्णता, हे मान सांभाळले की प्रवाळाची फांदी तोडून लावली तरी वाढते. उसाचे बेणे लावावे तसेच.

थिनबाईंच्या मोलकरणीचे काम आता विजेचा पंप करतो. मग श्रम संपले काय? आमचा अनुभव असा की यंत्र आले म्हणजे श्रम नाहीसे होत नाहीत, बहुधा नजरेआड जातात. श्रीमंत देशांतील पेट्यांसाठी लागणारे प्रवाळ अनेक दशके मुख्यतः इंडोनेशियातून गेले. दिवाणखान्यातील मालकाने कधी न पाहिलेल्या पाणबुड्यांनी बुडी मारून ते काढले. काही ठिकाणी किनाऱ्यावरचे गावकरी आता प्रवाळाच्या फांद्या समुद्रातच लावून वाढवितात. हा मार्ग अधिक बरा, कारण त्यात खडक ओरबाडला जात नाही आणि मजुरी गावात राहते.

आपल्या देशात हा प्रश्न कायद्याने वेगळ्या रीतीने सोडविला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळ घातले गेले. वाघास जे संरक्षण तेच प्रवाळास मिळाले. तेव्हा भारतातल्या समुद्रातून प्रवाळ तोडून घरच्या पेटीत ठेवणे हा गुन्हा आहे. हौशी माणसास हे जाचक वाटेल. आम्हांस ते योग्य वाटते. जी वस्तू शतकानुशतके वाढते ती एका माणसाच्या पंपाच्या आणि भारनियमनाच्या भरवशावर सोडता येत नाही.

मग महाराष्ट्राचे प्रवाळ कोठे आहे? ते मालवणास आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, तीत मालवणचे नाव होते. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. परंतु मच्छीमारांनी त्यास विरोध केला, कारण जाळे टाकण्याची जागाच जाईल असे त्यांस वाटले. हे भय आम्हांस हटवादीपणाचे वाटत नाही. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्यास विश्वासात न घेता केलेले संरक्षण कागदावरच राहते. कारखान्यात हे खरे आहे आणि समुद्रातही. आज मालवण-तारकर्लीच्या पाण्यात प्रवासी बुड्या मारतात, आणि त्यांना खाली नेणारे पुष्कळ तरुण त्याच कोळीवाड्यांतले आहेत. प्रवाळ जिवंत राहिले तर त्यांची रोजी राहते. नांगर खडकावर पडला किंवा प्रवाशाने पाय ठेवला तर दोन्ही जातात.

समुद्राच्या उष्णतेपुढे मात्र एकट्या मालवणचा इलाज चालत नाही. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. मालवणातही २०१४ साली तसे घडल्याचे नोंदले गेले आहे. पेटीतले पाणी तापले तर मालक पंखा लावतो. समुद्रास पंखा लावता येत नाही. तो सर्व जगाने मिळून सांभाळावयाचा सामाईक संसार आहे.

तेव्हा नगरकर श्रोत्यांना आमचे सांगणे इतकेच. प्रवाळ पाहण्याची इच्छा झाली तर मालवणास जा. पाण्यात उतरण्यापूर्वी नांगर कोठे टाकतात ते पाहा, खाली कशासही हात लावू नका. आणि ज्या माणसाने हात धरून तुम्हांस ते दाखविले त्याचे नाव विचारून घ्या. परत आल्यावर प्रवाळाची गोष्ट सांगाल तेव्हा ते नावही सांगा.