उंच पात्याची जपानी सुरी

१८७२ मध्ये सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि शतकानुशतके निषिद्ध मानलेल्या मांसाला जपानी स्वयंपाकघराचे दार उघडले. त्यामागोमाग युरोपीय धाटणीची, निमुळत्या टोकाची ‘ग्युतो’ आली. नावाचा शब्दशः अर्थ ‘गाय-तलवार’!

परंतु घरोघरी चिरली जाई ती मुख्यत्वे भाजीच, आणि त्यासाठी होती आयताकृती, उंच पात्याची ‘नाकिरी’. पाते उंच असले की बोटांची पेरे त्याला टेकवून निर्धास्त चिरता येते. मूठ धरलेला हातही फळीवर आपटत नाही. (आपल्या विळीवर पाते स्थिर आणि भाजी फिरते, म्हणून हा प्रश्न आपल्याकडे उद्भवलाच नाही.)

विसाव्या शतकात या दोहोंच्या संकरातून ‘सांतोकु’ घडली. टोकाशी पाठ उतरती झाली, पण नाकिरीची उंची मात्र कारागिरांनी सोडली नाही.