एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की काय होतं? इलिनॉयच्या ओळख परेडची गोष्ट

'एका वेळी एकच गोष्ट बदला' हे वाक्य संशोधन पद्धतीच्या पुस्तकात तुम्हीही अधोरेखित केलं असेल. ते न पाळल्याने काय झालं, ते आज बघू.

अमेरिकेत ओळख परेड बहुतेक वेळा फोटोंवरच होते. एक संशयित आणि सोबत गुन्ह्याशी संबंध नसलेले, म्हणजे भरतीचे चेहरे. सगळे फोटो एकदम समोर आले की साक्षीदार तुलना करतो आणि त्यातल्या त्यात जवळचा वाटेल त्याच्यावर बोट ठेवतो. खरा गुन्हेगार त्यात नसला तरीही! १९८५ मध्ये लिंडसे आणि वेल्स यांनी प्रयोगात फोटो एकेक करून दाखवले. निर्दोष माणसाला चुकून ओळखण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांवरून १७ वर आलं. खऱ्याला ओळखण्याचं ५८ वरून ५० झालं.

आता इलिनॉय. १९७७ नंतर तिथे १२ जणांना मृत्युदंड दिला गेला आणि मृत्युदंड सुनावलेले १३ जण निर्दोष ठरून सुटले. म्हणून २००० मध्ये गव्हर्नर रायन यांनी मृत्युदंड थांबवले. त्यांनी नेमलेल्या आयोगाने २००२ मध्ये सुचवलं: फोटो एकेक दाखवा, आणि दाखवणाऱ्या पोलिसाला संशयित कोण हे माहीत नसू द्या.

मग शिकागो, एव्हान्स्टन आणि जोलिएटमध्ये चाचणी झाली. २००६ च्या अहवालात संशयिताची निवड जुन्या पद्धतीत ५९.९ टक्के, नव्या पद्धतीत ४५. भरतीच्या चेहऱ्याची निवड जुन्यात २.८, नव्यात ९.२. झालं! नवी पद्धतच वाईट, असा अर्थ निघाला.

पण थांबा. जुन्या पद्धतीत पोलिसाला संशयित माहीत होता, नव्या पद्धतीत नव्हता. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या. फरक एकेक फोटोमुळे पडला की पोलिसाच्या नकळत दिलेल्या इशाऱ्यामुळे, हे कसं सांगणार? साक्षीदाराने भरतीचा फोटो उचलल्यावर नुसतं "नीट बघा" म्हटलं तरी पुरतं. दुसरं म्हणजे, संशयित निवडला याचा अर्थ गुन्हेगार सापडला असा नव्हे. २००८ मध्ये डॅनियल शॅक्टर, डॅनियल कानेमन आदींच्या गटानेही या आराखड्यातून निष्कर्ष काढता येत नाही, असंच म्हटलं.

पुढे वेल्स आणि सहकाऱ्यांनी चार शहरांत लॅपटॉपवर चाचणी घेतली. संशयित कोण हे दोन्ही गटांत पोलिसाला माहीत नव्हतं. फरक फक्त एकदम की एकेक, एवढाच. २०११ चे आकडे: भरतीची निवड एकदम दाखवल्यावर १८ टक्के, एकेक दाखवल्यावर १२, संशयिताची जवळपास सारखीच. एकेक की एकदम हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. २०१४ च्या राष्ट्रीय अकादमीच्या अहवालाने त्यात कुणाचीच बाजू घेतली नाही. दाखवणाऱ्याला संशयित माहीत नसावा, हे मात्र ठामपणे सांगितलं.

तुमचा प्रस्ताव लिहिताना दोन्ही गट शेजारी-शेजारी मांडा आणि त्यांच्यातले फरक मोजा. एकापेक्षा जास्त निघाले, तर डेटा गोळा करण्याआधीच थांबा. नंतर कुठलंही सांख्यिकी सॉफ्टवेअर ते वेगळे करून देत नाही.