तीन एक्के आणि राघोबादादा

तीन एक्के हातात येणे निराळे आणि त्या तीन एक्क्यांचे पैसे होणे निराळे. आमच्या एका मेहुण्यांना हे आयुष्यभर जमले नाही. दिवाळीत नाशकात आमच्या माडीवर तीनपत्ती बसते. मेहुण्यांना भारी पाने आली की त्यांचा चेहरा असा काही उजळतो, की बाकीचे पाचही जण मुकाट्याने पाने खाली टाकतात. मग मेहुणे मधली चिल्लर गोळा करतात आणि बहिणीकडे चहा मागतात.

आमचा भाचा हाच उद्योग मोबाइलवर 'पोकर' या भारदस्त नावाने करायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा ताईने देवापुढे साखर ठेवली. पण कार्ट्याचे एक म्हणणे ऐकण्याजोगे होते. "मामा, पान भारी असलं की समोरच्याला घाबरवायचं नाही. त्याच्याकडेही बरं पान हवं, म्हणजे तो टिकतो. त्याला झेपेल तेवढंच मागत जायचं. आणि आकडा मोठा झाला की पैसे टेबलावर आलेत का, ते बघायचं!"

हे पेशव्यांना कोणी सांगायला हवे होते. गंगापूर रोडवर आनंदवल्ली आहे, तिथे राघोबादादांचा वाडा होता. या दादांच्या हाती १७५८ साली असली पाने आली होती की विचारू नका. एप्रिलात लाहोर घेतले, मराठ्यांचे झेंडे अटकेला पोचले. आणि वसुली? पंजाबचा सुभा अदीना बेगला दिला, त्याने वर्षाला ७५ लाख द्यायचे ठरले आणि दादा परतले. अदीना बेग त्याच वर्षी वारला. आता वसूल कोणाकडून करणार? दादा पुण्यात आले ते डोक्यावर ऐंशी लाखांच्या घरातले कर्ज घेऊन. अटकेपार गेलेला हिशेब सदाशिवरावभाऊंच्या चोपडीत मात्र उणेच निघाला.

बरे, शहाण्यांचे तरी काय? जानेवारी १७७९. दादांना पुण्याचा कारभार मिळवून द्यायला निघालेली इंग्रजांची फौज वडगावला महादजी शिंद्यांच्या कचाट्यात सापडली. यापेक्षा भारी पान ते कोणते! आपण मागितलेही दणकून : १७७३ पासून घेतलेला सगळा मुलूख परत करा. इंग्रजांनी मुकाट सही केली. मग आपण दोन ओलीस ठेवून घेतले आणि अख्खी फौज मुंबईला जाऊ दिली. म्हणजे रोख डाव उधारीवर सोडला. मुंबईकर साहेबाने फौज सुखरूप पोचल्यावर तह मोडीत काढला, लढाई आणखी तीन वर्षे चालली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

या सगळ्यात खरा खेळाडू कोण, तर माझ्या मते दादाच. तोवर त्यांच्या हाती एक धड पान उरले नव्हते. १७६८ साली धोडपला पुतण्याने हरवलेले, पुढे नारायणरावांच्या खुनाचा डाग लागलेला, आणि इंग्रजही कंटाळलेले. तरी सालबाईत दादांनी पदरात काय पाडून घेतले? पेशव्यांकडून महिना २५,००० रुपये! तेही रोख. ते घेऊन दादा कोपरगावला गोदाकाठी जाऊन राहिले. डिसेंबर १७८३ मध्ये वारले, नाहीतर नाना फडणवीसांना आणखी किती हप्ते भरावे लागले असते कोण जाणे.