दोन इतिहासांची गाठ

युरोपातील ओलसर कुरणांत गॅलेगा नावाची एक जांभळ्या फुलांची वनस्पती उगवते. मध्ययुगापासून तिकडील वैदू तिचा औषधात उपयोग करीत. पण मेंढरांनी तिचा पाला फार खाल्ला, तर ती दगावत. औषध आणि विष यांत मात्रेचेच अंतर असते, हे आपल्या आयुर्वेदालाही ठाऊक आहेच. या वनस्पतीच्या कुळातील द्रव्याने जनावरांच्या रक्तातील साखर उतरते, असे १९१८ साली दिसून आले. पुढे १९२२ मध्ये डब्लिन येथे वर्नर व बेल यांनी त्याच वर्गातील एक नवे रसायन सिद्ध केले. तेच आजचे मेटफॉर्मिन. परंतु इन्शुलिनचा उदयही नेमका त्याच सुमाराचा. त्या सूर्यापुढे या पणतीकडे कोण पाहणार? १९५७ साली पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी मधुमेही रुग्णांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे तिची वात पुढे सरली.

दुसरा इतिहास स्त्रियांच्या एका व्याधीचा आहे. १९२१ साली आशार आणि तिएर या फ्रेंच वैद्यांनी दाढीमिशा फुटलेल्या स्त्रियांच्या मधुमेहाचे वर्णन केले. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थाल यांनी सात स्त्रियांची हकिकत मांडली : पाळी अनियमित, संतती नाही, बीजांडकोश फुगलेले. बीजांडकोशाचा तुकडा शस्त्राने कापून काढताच पाळी सुरू झाली. साहजिकच ही व्याधी बीजांडकोशाची ठरली आणि फ्रेंच वैद्यांनी दाखविलेला साखरेचा धागा मागे पडला.

तो धागा पुन्हा हाती आला १९८० साली. अशा स्त्रियांच्या रक्तात इन्शुलिन जितके अधिक, तितकी पुरुषी संप्रेरकेही अधिक, असे अमेरिकेतील संशोधकांना आढळले. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते, म्हणून स्वादुपिंड ते अधिकच ओतते; आणि त्या अतिरेकाने बीजांडकोश चाळवले जातात. मग १९९४ मध्ये व्हेनेझुएलातील वैद्यांनी या स्त्रियांना मेटफॉर्मिन देऊन पाहिले, आणि दोन इतिहासांची गाठ पडली.

या भेटीने सारे प्रश्न सुटले, असे मात्र नाही. संततीच्या बाबतीत हे औषध एकटे पुरेसे नव्हे. २००७ साली ६२६ स्त्रियांवरील अमेरिकी प्रयोगात क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी २२.५ टक्के स्त्रियांना अपत्यप्राप्ती झाली, तर केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ७.२ टक्क्यांनाच. त्याचे खरे सामर्थ्य मधुमेह लांबविण्यात आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ स्त्री-पुरुषांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. मेटफॉर्मिनने मधुमेहाचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. परंतु आहार व व्यायाम यांनी ५८ टक्क्यांनी! आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र दोन्ही उपाय जवळजवळ तुल्यबळ ठरले : २८.५ आणि २६.४ टक्के. आणि दोन्ही एकत्र योजूनही अधिक लाभ दिसला नाही.

आपल्या घरांत या व्याधीविषयी अजूनही दबल्या आवाजात बोलले जाते. मुलीची पाळी चुकते, हनुवटीवर केस येतात. आणि ‘लग्न झाले की सारे ठीक होईल’ असे म्हणून घरातील वडीलधारे विषय मिटवितात. वास्तविक, कोणत्याही वयाच्या व कोणत्याही अंगकाठीच्या अशा स्त्रीची रक्तशर्करा निदानाच्या वेळीच तपासावी, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत सांगितले आहे. गोळी घ्यावी की नाही, हे वैद्याने ठरवावे. पण तपासणीला लाज आड येऊ नये. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसच्या दोन वैद्यांना जे दिसले होते, त्याकडे आपण आज आपल्याच लेकीबाळींच्या बाबतीत डोळेझाक का करावी?